बाळालाही हवा पासपोर्ट!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचा मामा दुबईला असेल, कुणाची आत्या अमेरिकेत. "मी तर आईबरोबर जाणार, मला कशाला पासपोर्ट?" असं वाटतं ना? पूर्वी आई-वडिलांच्याच पासपोर्टात मुलांची नावं लिहीत. आता तसं नाही. दीड महिन्याचं तान्हं बाळ असलं तरी त्याचा पासपोर्ट वेगळा! आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा ही सक्तीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ती जगभर आली.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत चालतो. जे आधी होईल ते. अर्जाला आई आणि वडील, दोघांचीही संमती लागते. का बरं? कधी कधी घरात भांडण होतं आणि एक जण मुलाला गुपचूप परदेशी घेऊन जातो. मग दुसऱ्याने शोधायचं कुठे? म्हणून दोन सह्या.

पण आई एकटीच लेकराला वाढवत असेल तर? डिसेंबर २०१६ पासून अर्जात एकाच पालकाचं नाव चालतं. दुसऱ्याची सही का मिळत नाही, ते आईने लिहून द्यायचं. वडिलांचं नाव नाही एवढ्यावरून अर्ज अडत नाही. माझ्या वर्गातली काही लेकरं आठवली, की मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

आमच्या हिंगोलीकडे खरी अडचण निराळीच. शाळेची जुनी रजिस्टरं उघडा, अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून! तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच टाकीत. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तुम्हाला इतर कागदही चालतील, पण सगळीकडे नाव नि तारीख एकच हवी. जन्माची नोंद बारशाआधीच होते, त्यामुळे नावाची जागा कोरी राहून जाते. आजच घरी विचारा, "माझं नाव चढवलंय का?" नसेल तर जिथे नोंद झाली, त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जायचं.

आणि हो, औंढ्याच्या नागनाथासारखंच नेपाळच्या पशुपतिनाथाला जायचं असेल, तर आपल्याला पासपोर्ट लागत नाही. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना तर मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखलाही चालतो!