उड्या म्हणजे कुलूप नव्हे


ब्लूटूथची लहर सेकंदाला 1,600 वेळा वाहिनी बदलते आणि दहा मीटरपलीकडे पोहोचत नाही, म्हणून ते चोरून ऐकता येत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला धोकादायक वाटते. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्ट्याही गोंगाट करतात. त्यातून वाट काढण्यासाठी मूळ ब्लूटूथ 79 वाहिन्यांमध्ये उड्या मारते. उड्यांचा क्रम मुख्य उपकरणाचा पत्ता आणि घड्याळ यांवरून ठरतो, आणि योग्य यंत्रणा असलेल्याला तो शोधता येतो. दहा मीटर हे अंतरही साध्या अँटेनाचे. दिशादर्शी अँटेना कितीतरी दुरून ऐकते.

खरे संरक्षण आहे ते जोडणीच्या वेळी ठरणाऱ्या गुप्त किल्लीत. दोन्ही पडद्यांवर दिसणारा सहा अंकी आकडा हा पासवर्ड नसतो. मध्ये तिसरा कोणी घुसलेला नाही ना, याची ती पडताळणी असते. म्हणून तो न वाचता ‘होय’ दाबू नये. इअरफोनला पडदाच नसतो, मग काय, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे: तिथे ही पडताळणी होतच नाही, म्हणून पहिली जोडणी गर्दीत न करता घरी करावी. किल्लीही अभेद्य नाही. ती एका बाइटइतकी दुबळी करता येते, हे संशोधकांनी 2019 मध्ये दाखवले. त्यानंतर किमान सात बाइटांची शिफारस मानकात आली. जुन्या उपकरणांना ती दुरुस्ती सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याशिवाय मिळत नाही.

– एक वाचक