कर्जापोटीं गेलेला मुलूख

व्यापाऱ्यांच्या चरित्रांत त्यांचें साहस व संपत्ति यांचेंच वर्णन बहुधा आढळतें. जोआखिम इर्गेन्स याच्या चरित्राकडे मात्र वाचकांनीं कुळाच्या बांधावरून पाहावें, अशी आमची विनंती आहे.

हा गृहस्थ १६११ सालीं होल्स्टाइन प्रांतांत जन्मला, डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिश्चन याच्या खाजगी सेवेंत शिरला व राजकृपेच्या भांडवलावर मोठा व्यापारी झाला. १६४६ सालीं त्यास नॉर्वेंतील रोरोस येथील तांब्याच्या खाणींची सनद मिळाली. खाणीभोंवतीं सुमारें ४५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळांतील जंगल, पाणी व शेतकऱ्यांचे श्रम कारखान्याच्या दिमतीस आले. कोळसा पाडणें, खनिज वाहणें याबद्दल मोबदला मिळे. नाहीं म्हणण्याची मुभा नव्हती. (हेंच वर्तुळ २०१० सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें!)

परंतु याहून मोठा व्यवहार पुढेंच झाला. स्वीडनशीं झालेल्या युद्धांनीं खजिना रिता पडला होता. इर्गेन्सचें देणें फेडावयास रोकड नाहीं, म्हणून तिसऱ्या फ्रेडरिकनें जानेवारी १६६६ मध्यें हेल्गेलँड, साल्टेन, लोफोटेनपासून ट्रॉम्सपर्यंतच्या सरकारी जमिनी त्याच्या नांवें करून दिल्या. तेथील कूळ म्हणजे बार्लीचा एखादा तुकडा, दोनचार गाई आणि हिवाळ्यांत कॉड माशांची शिकार, एवढ्यावर जगणारा माणूस. जमिनीचा खंडही माशांच्याच वजनांत मोजीत. ‘वोग’ हें त्याचें माप, सुमारें १८ किलोंचें. सुकविलेला मासा बर्गेनला जाई व तेथील व्यापाऱ्याची उधारी त्यांतून वळती होई. अशा माणसाचा धनी लेखणीच्या एका फटकाऱ्यानें बदलला.

कोणी म्हणेल, खंड राजाला दिला काय अन् सावकाराला दिला काय, सारखेंच. आम्हांस हें पटत नाहीं. राजाजवळ वाईट सालीं सूट मागण्यास निदान तोंड असतें. ज्यानें जमीन कर्जापोटीं घेतली त्याची नजर प्रथम मुद्दलावर जाते. शिवाय त्याच्या मागें त्याचेही सावकार असतात.

इर्गेन्सचें तसेंच झालें. १६७५ सालीं तो वारला तेव्हां डोक्यावर कर्ज होतें. आम्सटरडॅमच्या बिकर घराण्यांतील त्याची विधवा कॉर्नेलिया हिच्या हातीं आलेली मिळकत पुढें तुकड्यातुकड्यांनीं धनकोंकडे व खरेदीदारांकडे गेली, आणि कुळांच्या वोगांचा हिशेब नव्या दारीं सुरू झाला.