परळच्या टॅक्सीत माणसं बसणार कुठे?

गेल्या वर्षी हॉस्टेलच्या गणपतीत आपण 'परळ १९७५' हा देखावा केला होता, आठवतंय ना? ज्यांना आठवत नाही ते तेव्हा के.टी.च्या अभ्यासात बुडाले असणार, त्यांना माफ. जर्मनीला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने एल.जी.बी.चा सेट सुट्टीपुरता दिला होता. इंजिन जर्मन, डबे जर्मन, प्लॅटफॉर्मवरची माणसंही जर्मन, आणि वर आपली 'परळ' ही पाटी! मागे पुठ्ठ्याची गिरणी, तिचं धुराडं, आणि समोर रस्ता. रस्त्यावर गाड्या हव्यात म्हणून आम्ही नोटीस बोर्डावर आवाहन केलं : 'आपापल्या लहानपणीच्या गाड्या आणाव्यात.' पब्लिकने आणल्या की हो! छत्तीस गाड्या जमल्या. बोटाएवढ्या हॉट व्हील्सपासून दोन्ही हातांनी उचलावी लागणाऱ्या लाल स्पोर्ट्स कारपर्यंत. आम्ही सगळ्या मांडल्या. कुणाचं मन कशाला मोडा?

रेल्वे छान फिरली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. तिसऱ्या दिवशी मेसचे काका आरतीनंतर बराच वेळ देखाव्यापाशी उभे होते. काका लालबागच्या चाळीत वाढलेले, वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. मला वाटलं आठवणींनी गहिवरले असतील. तर काका म्हणाले, "पोरांनो, एक सांगा. ह्या टॅक्सीत माणसं बसणार कुठे? टपावर?"

बघितलं तर खरंच! काळी-पिवळी टॅक्सी होती नऊ सेंटिमीटर लांब. शेजारी प्लॅटफॉर्मवर उभा असलेला प्रवासी साडेसात सेंटिमीटर उंच. टॅक्सीचं टप त्याच्या मांडीला लागत होतं. आणि तिच्या मागे ती लाल स्पोर्ट्स कार, जवळजवळ रेल्वेच्या डब्याएवढी. काकांना ना परळ दिसलं ना वडील. त्यांना खेळण्यांचं दुकान दिसलं. तीन रात्री जागून केलेल्या देखाव्याची ही किंमत झाली, आणि चूक सगळी आमची होती.

यंदाच्या देखाव्याची चर्चा सुरू झाली आहे आणि पुन्हा तोच सूर ऐकू येतोय : 'कोण बघतंय रे एवढं?' काहींना तर यंदा मोठ्या, चकचकीत, दरवाजे उघडणाऱ्या १:१८ च्या गाड्या विकत घ्यायच्या आहेत. माझा त्याला विरोध आहे. का, ते सांगतो.

आधी विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा. माझा रूममेट गिरगावचा. तो म्हणतो, "दिवाळीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराज महादरवाजापेक्षा मोठे असतात, मावळा बुरुजाच्या उंचीचा असतो, शेजारी प्लॅस्टिकचा वाघ. आजवर कोणी तक्रार केली का?" नाही केली, आणि करूही नये. किल्ल्यात मापाला नव्हे, मानाला महत्त्व असतं. महाराज मोठे कारण ते महाराज. पण त्याच किल्ल्याभोवती दोन समांतर रूळ टाकून बघा. रूळ टाकला की तुम्ही टेबलावर फूटपट्टीच ठेवलीत! मुंबईतल्या माणसाने रूळ, डबा, दार, फूटबोर्ड रोज अंगाने मोजलेला असतो. लटकताना हात कुठे पोचतो हे त्याला ठाऊक आहे. त्याला स्केल हा शब्द माहीत नसेल, पण चूक त्याला कळते.

आता थोडं गणित. जर्नलपेक्षा सोपं आहे, घाबरू नका.

एल.जी.बी. ही मोठ्या मापाची खेळण्यातली रेल्वे लेहमान या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये आणली. रुळांमधलं अंतर ४५ मि.मी., स्केल १:२२.५. गुणून बघा, साधारण एक मीटर येतो. म्हणजे ती मीटर गेजची रेल्वे आहे. हिच्या शेजारी कुठली डाय-कास्ट गाडी शोभेल? आपली पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, खरी साधारण ३.९ मीटर लांब. १:२२.५ मध्ये ती १७३ मि.मी. यायला हवी. बाजारात १:२४ मिळते, ती १६२ भरते. एक सेंटिमीटर कमी. गाडी आणि रेल्वे यांच्यात वीतभर अंतर ठेवलं तर हे खपून जातं. १:१८ ची मात्र २१७ भरते. 'लांबीत पंचवीस टक्केच तर जास्त आहे' असं म्हणणाऱ्यांनी घनफळ काढावं : सव्वाचा घन म्हणजे १.९५. गाडी जवळजवळ दुप्पट ऐवजाची दिसते! डोळा लांबी मोजत नाही, तो ऐवज बघतो. आणि आमची ती टॅक्सी होती १:४३, म्हणजे हव्या त्या मापाच्या निम्मी.

गंमत अशी की डाय-कास्ट गाड्यांचा जन्मच मुळी रेल्वेशी माप जुळवण्यासाठी झाला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची मेकॅनो कंपनी हॉर्नबी रेल्वे बनवायची. त्या 'ओ' गेज रेल्वेशेजारी ठेवायला म्हणून १९३३-३४ च्या सुमारास छोट्या गाड्या काढल्या, त्याच पुढे 'डिंकी टॉइज' झाल्या. इंग्लंडमध्ये 'ओ' गेजला एका फुटाला सात मि.मी. धरतात. ३०४.८ भागिले ७ करा, ४३.५ येतील. १:४३ हा विचित्र आकडा आला तो असा. (डिंकीचे काही साचे पुढे भारतात आले आणि 'निकी टॉइज' नावाने इथे गाड्या निघाल्या. कुणाच्या आजोळी माळ्यावर एखादी असेल तर जपून ठेवा.) मग १९५३ मध्ये मॅचबॉक्स आल्या. काड्यापेटीसारख्या खोक्यात मावणं हीच त्यांची अट, त्यामुळे ट्रकही तेवढाच, मोटारही तेवढीच. स्केल गेलं खड्ड्यात! हॉट व्हील्सवाले १:६४ म्हणतात, पण तेही 'साधारण'च. तेव्हा खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, खिशात पट्टी ठेवा. बऱ्याच स्वस्त गाड्यांच्या खोक्यावर तर आकडाच नसतो.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथलं गाव खरं वाटतं कारण सगळं एकाच मापात आहे, १:८७. त्या मापात युरोपात गाड्या, माणसं, झाडं, सगळं तयार मिळतं. मोठ्या रेल्वेवाल्यांचं तसं नाही. ४५ मि.मी.च्या एकाच रुळावर कोणी १:२२.५ चालवतो, कोणी १:२९, कोणी १:३२. रूळ तोच, गाडा वेगळा. त्यामुळे 'मोठ्या ट्रेनला कुठली गाडी?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी विचारायचं की हा ४५ मि.मी.चा रूळ खऱ्या जगातला कुठला रूळ आहे?

आणि इथेच आम्ही खरे फसलो होतो. परळ ब्रॉड गेज आहे! १६७६ मि.मी. त्याला ४५ ने भागा. ३७.२ येतात. म्हणजे ४५ मि.मी.च्या रुळावर मुंबईची लोकल चालवायची तर स्केल १:३७ च हवं. १:२२.५ च्या हिशोबाने आम्ही मध्य रेल्वेची मीटर गेज करून टाकली होती, आणि गणपतीसमोर, वर्कशॉपच्या सरांच्या देखत!

पण १:३७ घेतलं की काय मजा होते बघा. १६७६ मि.मी. म्हणजे बरोबर साडेपाच फूट. साडेपाच फूट ही आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाची उंची. आणि अ‍ॅम्बॅसॅडरची रुंदी? तीही साधारण १.६६ मीटर! म्हणजे भारतीय ब्रॉड गेजच्या कुठल्याही मॉडेलमध्ये, स्केल काहीही असो, माणसाची उंची, रुळांमधलं अंतर आणि अ‍ॅम्बॅसॅडरची रुंदी ही तिन्ही जवळजवळ सारखी यायला हवीत. पट्टीसुद्धा नको. दुकानात जाताना रुळाचा एक तुकडा घेऊन जायचं. अ‍ॅम्बॅसॅडर रुळांच्या मध्ये बेताची बसली तर घ्यायची. फियाट अरुंद, तिच्या दोन्ही बाजूंना थोडी फट राहायला हवी. क्रॉफर्ड मार्केटचे खेळणीवाले आपल्याकडे विचित्र नजरेने बघतील, बघू देत.

आणखी एक सोय. बाजारात मागे ओढून सोडायच्या चार-साडेचार इंची डाय-कास्ट गाड्या असतात. 'वेली'च्या अशा गाड्यांच्या खोक्यावर १:३४ ते १:३९ असं चक्क मोघम लिहिलेलं असतं. एरवी हा मोघमपणा मला खटकला असता, पण आपलं १:३७ नेमकं त्याच्या पोटात बसतं! पद्मिनी या मापात १०५ मि.मी. हवी. एका १:१८ गाडीच्या पैशात अशा पाच-सहा गाड्या सहज येतात. काळा रंग, पिवळं टप, वर मीटरचा ठिपका. पद्मिनीच मिळाली नाही तर शरीरशास्त्राची माफी मागून थ्री-डी प्रिंट करू. कुणाकडे १:२४ ची फाईल असेल तर ती ६४.५ टक्क्यांवर आणायची, झालं.

अडचण आहे ती लोकलची. १:३७ ची लोकल जगात कुठे तयार मिळत नाही. ती आपल्यालाच बांधावी लागेल, आणि माझ्या मते इंजिनिअरिंग कॉलेजच्या देखाव्यात तेच शोभेल. लोकलचा डबा २०.७ मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद. १:३७ मध्ये ५६ सेंटिमीटर बाय जवळपास १०. नऊ डब्यांची गाडी पाच मीटर होईल, ती चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मावणार नाही, आपल्या कॉमन रूममध्येही नाही. तीन डबे करू, साडेपाच फूट. सांगाडा सनबोर्डचा (थर्माकोल २०१८ च्या बंदीपासून बाद), आणि मोटर त्या जर्मन इंजिनाच्या पोटातली, उसनी. एवढा लांब डबा सेटमधल्या ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर वळणार नाही, म्हणून गाडी सरळ रुळावर पुढे-मागे. लोकल तरी दुसरं काय करते?

'मग त्या छत्तीस गाड्यांचं काय?' हा प्रश्न रास्त आहे. ज्याने आपली लहानपणीची गाडी विश्वासाने दिली त्याला 'तुझी मापात नाही' म्हणणं जिवावर येतं. काहींना जागा आहे. १:४३ आणि १:६४ च्या गाड्या मागे, गिरणीच्या भिंतीपलीकडच्या रस्त्यावर लावता येतील. लहान म्हणजे लांब, असं डोळा समजून घेतो. लालबाग-गिरगावचे देखावेवाले ही युक्ती कायम वापरतात. अट एकच : त्यांच्याजवळ माणूस ठेवायचा नाही, आणि मोठी गाडी कधीही मागे जाता कामा नये. १:१८ ला मात्र कुठेच जागा नाही. ती लाल स्पोर्ट्स कार वेगळ्या टेबलावर, मालकाच्या नावानिशी, सन्मानाने ठेवू. तसंही १९७५ च्या परळमध्ये ती काय करत होती?

दादर टी.टी. करायचं असाही एक प्रस्ताव आहे, ट्राममुळे. कल्पना झकास आहे. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस हेही कित्येकांना माहीत नसतं. पण सापळा ओळखा : ट्रामचा रूळ स्टँडर्ड गेजचा होता, १४३५ मि.मी. लोकल आणि ट्राम दोन्ही ४५ मि.मी.वर चालवल्या तर ट्राम १:३२ ची होईल आणि लोकलशेजारी धष्टपुष्ट दिसेल. ट्रामला साडेअडतीस मि.मी.चा रूळ हाताने ठोकावा लागेल. त्यापेक्षा माथेरानची गाडी सोपी! दोन फुटी रूळ, ६१० मि.मी., १:३७ मध्ये साडेसोळा मि.मी. येतो. आणि साडेसोळा मि.मी. म्हणजे पुण्याच्या संग्रहालयातल्यासारख्या १:८७ वाल्यांचा नेहमीचा रूळ, तयार मिळतो.

पण ते पुढच्या वर्षी. यंदा परळच करू या, नीट. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेस्टची जुनी डबलडेकर गेली. गिरण्या तर १९८२ च्या संपानंतर बंदच पडत गेल्या. पुढच्या बॅचच्या पोरांना टॅक्सीची आणि लोकलच्या दाराची सांगड कुठे दिसणार? रस्त्यावर तर नाहीच. आपल्या टेबलावर ती चुकली की त्यांच्या डोक्यातही चुकीचीच बसणार, आणि त्यांना विचारणारा काका असेलच असं नाही.

बैठक शनिवारी रात्री जेवणानंतर कॉमन रूममध्ये आहे. मी रुळाचा वीतभर तुकडा घेऊन येणार आहे. ज्यांना १:१८ हवीच आहे त्यांनी आपली गाडी आणावी, रुळाशेजारी ठेवून बघू. काकांना विचारलं, ते म्हणाले, भांडी आवरून येतो.

— एक वसतिगृहवासी, तृतीय वर्ष (यंत्र)