उत्प्रेरकाचा हात

टी. एस. एलियट यांनी १९१९ साली ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’ या निबंधात योजलेला रासायनिक दृष्टान्त भारतीय भाषांच्या समीक्षेत इतका रुळला आहे की, तो दृष्टान्त आहे याचाच विसर पडावा. प्राणवायू आणि सल्फर डायऑक्साइड असलेल्या पात्रात प्लॅटिनमची तार ठेवली की त्या वायूंचे अम्ल बनते. अम्लात प्लॅटिनमचा अंशही नसतो आणि प्लॅटिनम स्वतः जसेच्या तसे राहते. कवीचे मन हे ते प्लॅटिनम होय, असे एलियट यांचे प्रतिपादन. हिंदीत अज्ञेयांनी ‘त्रिशंकु’मधील ‘रूढ़ि और मौलिकता’ या निबंधात याच विचाराचा आधार घेतला, आणि इतर भाषांतही काव्याच्या निर्वैयक्तिकतेची चर्चा बहुधा याच पात्रापाशी येऊन थांबते.

या दृष्टान्तातील एक चूक रसायनशास्त्राच्या जाणकारांनी पूर्वीच दाखविली आहे. एलियट ज्या सल्फ्युरस अम्लाचे नाव घेतात, ते सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळताच बनते. त्याला प्राणवायूही लागत नाही आणि प्लॅटिनमही. परंतु ही चूक किरकोळ आहे. खरा आक्षेप वेगळाच आहे. उत्प्रेरक म्हणजे केवळ गती वाढविणारा, उदासीन साक्षी, ही जी कल्पना त्या दृष्टान्ताच्या मुळाशी आहे, ती आजच्या रसायनशास्त्रासमोर टिकत नाही. १९६८नंतर विकसित झालेल्या असममित उत्प्रेरणाने तर ती पुरती मोडीत काढली आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी दृष्टान्त रसायनशास्त्रातूनच घ्यावयाचा असेल, तर तो त्या शास्त्राच्या या शाखेतून घेणे अधिक न्याय्य ठरेल.

असममित उत्प्रेरण म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. डावा हात आणि उजवा हात यांत बोटे तीच आणि त्यांचा क्रमही तोच. तरी एक दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही, कारण एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असते. अनेक सेंद्रिय पदार्थांचे रेणू असेच डावे-उजवे असतात. (मराठीत ज्याला रेणू म्हणतात त्याला हिंदी व बंगालीत अणु म्हणतात, हे बहुभाषिक वाचकाने ध्यानात ठेवावे.) या गुणाला युरोपीय भाषांत जे नाव आहे, तेही ग्रीक भाषेतील हातवाचक शब्दावरूनच आलेले आहे. हा भेद शाब्दिक नव्हे. कार्व्होन नावाच्या एका पदार्थाच्या एका रूपाला पुदिन्याच्या एका जातीचा वास येतो, तर त्याच्या प्रतिबिंबरूपाला बाळंतशेपाचा. शरीरातील प्रथिने एकाच हाताच्या घटकांची बनलेली असल्यामुळे नाकाला आणि पेशींना हा भेद बिनचूक कळतो. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या डोपा या औषधाचे डावे रूपच उपयोगी पडते. उजवे रूप उपयोगी तर नसतेच, उलट अपायकारक ठरते.

अडचण अशी की, प्रयोगशाळेत सामान्य रीतीने असा पदार्थ बनविला, तर दोन्ही रूपे निम्मी-निम्मी येतात. दोहोंकडे जाणाऱ्या वाटा सारख्याच चढाच्या असतात आणि रेणूला त्यांतील एक निवडण्याचे कारण नसते. १८४८ साली लुई पाश्चर या पंचवीस वर्षांच्या संशोधकाने टार्टारिक अम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली न्याहाळले आणि डावे एकीकडे, उजवे दुसरीकडे असे ते हाताने वेचले. दोन्ही ढिगांच्या द्रावणांनी ध्रुवित प्रकाश परस्परविरुद्ध दिशांना वळविला. शोध अपूर्व होता; पण निवड झाली ती पदार्थ बनून गेल्यावर. बनतानाच निवड घडविण्याची युक्ती व्यवहारात यावयास त्यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला.

अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीतील विल्यम नोल्स यांनी १९६८ साली ऱ्होडियम या धातूला फॉस्फरसयुक्त डाव्या-उजव्या रेणूंची जोड दिली आणि त्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने एका असंपृक्त संयुगास हायड्रोजन जोडला. पहिल्या प्रयत्नात एका रूपाचे दुसऱ्यावरील आधिक्य अवघे १५ टक्के होते. म्हणजे शंभरांतील सुमारे अठ्ठावन्न रेणू एका हाताचे, बेचाळीस दुसऱ्या. पुढे उत्प्रेरकाची घडण सुधारत हे आधिक्य ९५ टक्क्यांच्या आसपास गेले आणि १९७०च्या दशकात याच मार्गाने कंपवातावरील औषध कारखान्यात तयार होऊ लागले. जपानमध्ये र्‍योजी नोयोरी यांनी १९८० साली बायनॅप हा जोडरेणू सिद्ध केला. त्याच्या बळावर ताकासागो कंपनी मेंथॉल बनवू लागली. मेंथॉलची एकूण आठ रूपे संभवतात आणि गारव्यासाठी हवे असते त्यांतील एकच. बॅरी शार्पलेस यांनी त्याच १९८० साली टायटॅनियमच्या जोडीला टार्टारिक अम्लाची एस्टरे वापरून एक पद्धती दिली. ती पुढील काही वर्षांत खऱ्या अर्थाने उत्प्रेरकी झाली. ज्या अम्लाच्या क्षाराचे स्फटिक पाश्चरने वेचले होते, जे चिंचेला आंबटपणा देते, तेच अम्ल आता निवड करणारे झाले: त्याचे एक रूप घातले की एका हाताचा पदार्थ, दुसरे घातले की दुसऱ्या. या तिघांना २००१चे नोबेल पारितोषिक मिळाले. धातूही अनिवार्य नाही, हे २००० साली बेन्यामिन लिस्ट यांनी प्रोलीन या साध्या अमिनो अम्लाच्या आणि डेव्हिड मॅकमिलन यांनी दुसऱ्या एका सेंद्रिय संयुगाच्या साहाय्याने दाखविले. त्यांना २०२१चे पारितोषिक लाभले.

या सर्व पद्धतींचे मर्म एकच आहे. उत्प्रेरक बाजूला उभा राहून पाहत नाही. तो द्रव्याशी क्षणभर बंध जोडतो, त्याला आपल्या घडणीच्या कुशीत घेतो, दोन वाटांपैकी एकीचा चढ कमी करतो आणि मग मोकळा होतो. तयार पदार्थाचे पृथक्करण केले तर त्यात ऱ्होडियमचा अणू सापडावयास नको. परंतु त्या पदार्थाचे डावेपण वा उजवेपण उत्प्रेरकाकडूनच आलेले असते. द्रव्य उतरत नाही, घडण उतरते. उत्प्रेरकाचा एकेक रेणू ही घडण पदार्थाच्या हजारो रेणूंना देऊ शकतो.

एलियट यांचे अर्धे म्हणणे यामुळे अबाधित राहते, आणि तेवढे मान्य केले पाहिजे. कवीच्या खाजगी सुखदुःखांचा कच्चा माल कवितेत शोधणे व्यर्थ आहे. चरित्रात्मक समीक्षेला दिलेला तो इशारा आजही योग्यच आहे. परंतु ‘अंश नाही’ यावरून ‘खूण नाही’ असे जे अनुमान काढले जाते, ते चुकीचे आहे. मराठीत सुगरणीच्या हाताला चव असते असे म्हणतात. डाळ तीच, मसाला तोच, चूलही तीच. हात काही आमटीत पडत नाही, तरीही आमटी कोणाच्या हातची ते पहिल्या घासाला कळते. ही लोकोक्ती प्लॅटिनमच्या तारेपेक्षा शास्त्राला अधिक जवळची आहे.

या भेदाचा संबंध केवळ सिद्धान्ताशी नाही. तुकारामांच्या, कबीरांच्या वा सूरदासांच्या नावावर असलेल्या रचनांपैकी खऱ्या कोणत्या आणि प्रक्षिप्त कोणत्या, हा प्रश्न भारतीय भाषांतील संपादकांना सतत भेडसावतो. संतकवींना द्रव्य परंपरेने दिलेले होते: छंद, दैवत, प्रतिमा, शेवटची नाममुद्रासुद्धा. मुद्रा तर कोणीही घालू शकतो. कवीचे मन तटस्थ प्लॅटिनम असते, तर परंपरेचे तेच द्रव्य कोणत्याही मनातून सारख्याच रूपाने बाहेर पडले असते आणि संपादकाला हस्तलिखितांच्या वयापलीकडे विचारण्यासारखे काही उरले नसते. संपादक जेव्हा शब्दकळेवरून, वाक्याच्या वळणावरून ‘ही रचना त्यांची वाटत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो हातच शोधीत असतो. म्हणजे व्यवहारात जे गृहीत धरले जाते, तेच सिद्धान्तात नाकारले जाते.

यावर असा आक्षेप येईल की, हाताच्या नावाखाली कवीचे व्यक्तिमत्त्व मागच्या दाराने पुन्हा आत येते. त्याचे उत्तरही रसायनशास्त्रातच आहे. उत्प्रेरकाची निवडशक्ती ही श्रद्धेची बाब नाही. ती मोजली जाते, आणि ती १५ टक्केही असू शकते, ९५ टक्केही. एखाद्या कवीचा हात ठळक असतो, दुसऱ्याचा क्षीण. एकाच कवीचा सर्व रचनांत सारखा उमटतो असेही नाही. ज्या रचनेत परंपरेचे द्रव्य जवळजवळ निम्मे-निम्मेच राहिले, तिच्याविषयी ‘हात सांगता येत नाही’ असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा समीक्षेने दाखविला पाहिजे. कवीच्या चरित्रातील घटना आठवून हा निर्णय होत नाही. तो रचनेच्या घडणीवरूनच करावा लागतो.

म्हणून वर्गात प्लॅटिनमची तार दाखविताना तिच्या शेजारी नोल्स यांचे ऱ्होडियमही ठेवले जावे. अम्लात प्लॅटिनम सापडत नाही हे सांगून झाल्यावर, डोपाच्या रेणूत ऱ्होडियम नसूनही त्याचे डावेपण कोठून आले, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारला गेला पाहिजे.