एसीपी प्रद्युम्न यांचे सुतक

एप्रिल २०२५ च्या आरंभी 'सीआयडी' मालिका दाखविणाऱ्या वाहिनीने समाजमाध्यमांवर एक शोकवार्ता प्रसिद्ध केली. एसीपी प्रद्युम्न यांचे छायाचित्र आणि त्याखाली '१९९८-२०२५' असा काळ. ही भूमिका करणारे शिवाजी साटम सुखरूप होते. कथेतील बॉम्बस्फोटात मरण पावले ते त्यांचे पात्र. तरीही पुष्कळ घरांत त्या दिवशी क्षणभर का होईना, शांतता पसरली.

इचलकरंजीतील एका वयोवृद्ध कापड व्यापाऱ्याला ही वार्ता नातवाने दुकानातच दाखविली. त्यांनी पहिला प्रश्न केला, "साटम बरे आहेत ना?" ते बरे असल्याचे समजल्यावर चष्मा काढून ठेवला आणि त्या आठवड्याचा भाग पाहावयाचा नाही असे सांगून टाकले. नातू हसला. "आजोबा, नाटक आहे ते!" त्यावर ते इतकेच म्हणाले, "ठाऊक आहे रे. पण इतकी वर्षं रात्री दहाला घरी येत होता तो."

या उत्तराला हसणे सोपे आहे. परंतु ज्या घरांत दुकानाची फळी नऊच्या सुमारास लागते, जेवण उरकता उरकता दहा वाजतात आणि त्यानंतरचा तासभरच काय तो सारे एकत्र बसण्याचा असतो, तेथे त्या तासाला नियमाने येणारा माणूस परका राहत नाही. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली, तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते. या अवधीत घरातील मुले शिकली, मुली सासरी गेल्या, वडीलधारी निवर्तली. पडद्यावर मात्र तेच प्रद्युम्न, तोच दया, तोच अभिजीत. बँकेच्या अधिकाऱ्याची दर तीन-चार वर्षांनी बदली होते. या गृहस्थांची वीस वर्षांत ना बदली झाली, ना बढती!

मालिकेची रचना सफाईदार होती असे कोणी म्हणणार नाही. डॉ. साळुंखे परीक्षानळीत दोन थेंब टाकीत आणि एखाद्या मिनिटात विषाचे नाव सांगत. दयाच्या लाथेपुढे कोणतेही दार टिकत नसे. (दारे इतकी कच्ची का, हा प्रश्न लाकडाच्या व्यापाऱ्यांनी तरी विचारावयास हवा होता.) मात्र २००४ मध्ये निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी एकशे अकरा मिनिटांचा एक भाग कोठेही न थांबता एकाच सलग चित्रीकरणात पूर्ण केला. सिंग आणि साटम यांचा हा पहिला योग नव्हता. दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' या मराठी पोलीस मालिकेतही ते दोघे होते.

प्रेक्षकांना जडलेला जिव्हाळा अशा पराक्रमांमुळे नव्हता. "कुछ तो गड़बड़ है" हे वाक्य म्हणताना हवेत फिरणारी ती बोटे व्यापारी घरांना विशेष ओळखीची वाटली असावीत. रात्री रोजकीर्द मांडताना शिल्लक सात रुपयांनी चुकली, तर रक्कम क्षुल्लक म्हणून कोणी उठत नाही. सात रुपयांच्या मागे सातशेची चूक दडलेली असू शकते. प्रद्युम्न नेमके तेच करीत. सर्वांना सरळ दिसणाऱ्या प्रसंगात त्यांना न जुळणारी एक लहानशी गोष्ट खुपत राही आणि ती जुळेपर्यंत ते जागचे हलत नसत. अभिनयात येण्यापूर्वी साटम सेंट्रल बँकेत रोखपाल होते, आणि बँक कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धांतूनच बाळ धुरी यांच्या नजरेस पडले, ही माहिती अनेकांना नसेल. रोखीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाची नजर पडद्यावर उतरली, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

शिवाय हा माणूस आतून दुखावलेला होता. गुन्हेगारीकडे वळलेल्या स्वतःच्या मुलावर त्याने गोळी झाडली होती. मालिकेने त्या दुःखाची फार उजळणी केली नाही, म्हणून ते लक्षात राहिले.

अशा पात्राची शोकवार्ता जाहिरातीसारखी वापरावी काय? लेखकाने आपल्या नायकाला मारण्यास हरकत नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले आणि वाचकांच्या रोषानंतर दहा वर्षांनी कथेत परत आणले. पण डॉयल यांनी मृत्यू कथेत लिहिला. घराघरांत निरोप जातो तशा भाषेत, छायाचित्रासह, तो बाहेर वाटला नाही. ज्या समाजात निधनाचा निरोप मिळताच दुकान अर्धे बंद होते, तेथे हा प्रकार चतुराईचा असेल, शोभणारा नव्हता. पुढे प्रद्युम्न मालिकेत परतले. प्रेक्षक आनंदले, काही थोडेसे खट्टूही झाले.

खरे सुतक त्यापूर्वीच येऊन गेले होते. फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या सत्तावनाव्या वर्षी गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा प्रद्युम्न, दया, अभिजीत आपापल्या जागी उभे होते. पत्नीच्या धाकाच्या गोष्टी सांगून साऱ्या चमूला हसविणारा फ्रेडरिक्स त्यांच्यात नव्हता.