शून्याचे पंधरा टक्के



राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये सर्व राज्यांना बजावले: कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या निदान १५ ते २० टक्के पाणी नदीत वाहते ठेवा. ऐकायला गोड! पण वैशाखात आमच्या पेढीला, काटेपूर्णेला प्रवाह असतो किती? शून्याचे १५ टक्के शून्यच. बारमाही नद्यांचे माप कोरडवाहू वऱ्हाडाला लावले की कागदावर आदेश पाळला जातो आणि नदी मरते.

आमच्या नदीतला मासा उन्हाळा डोहात काढतो. मृगाचा पहिला पूर आला की प्रवाहाच्या उलट चढतो, उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याला दोनच गोष्टी लागतात: न आटणारा डोह आणि मोकळी वाट. रेती उपसून डोहाचा पाझर तोडला, बॅरेज बांधून वाट अडवली. धरणात कटला-रोहू सोडले म्हणून भरपाई होत नाही. त्यांचे बीज दरवर्षी आणून सोडावे लागते, हायब्रीड सरकीसारखे. मरळ, वाम हे नदीचे घरचे बियाणे. गेले की गेले.

कोणी म्हणेल, पऱ्हाटीला पाणी नाही आणि माशाचे कौतुक कशाला? आम्ही विचारतो, पऱ्हाटीचे पाणी माशाने पळवले काय? अप्पर वर्धा धरण शेतीच्या नावाने बांधले. त्यातले वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मंजूर झाले. २३ हजारांहून जास्त हेक्टरच्या सिंचनावर गदा आली. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. २०११ मध्ये विधिमंडळाने कायदाच दुरुस्त करून असल्या जुन्या वाटपांना संरक्षण दिले. पाण्याच्या रांगेत आम्ही शेवटी, मासा तर रांगेतच नाही. आणि खारपाणपट्ट्यात विहीर खारी, तिथे पूर्णेच्या डोहातले गोडे पाणी आमच्या ढोरांचेही आहे.

तेव्हा उद्या नदीचा हिस्सा काढायचा झाला, तर तो कालव्यातून कापू देणार नाही. तो कारखान्यांच्या आरक्षणातून निघाला पाहिजे. आमच्या मागण्या:

१. घुंगशी, नेर-धामणा यांसारख्या बॅरेजची दारे पहिल्या पुरात उघडी ठेवा. साठा त्यानंतर करा.

२. प्रत्येक नदीतले डोह मोजून नोंदवा. तिथे रेतीचा लिलाव बंद, पंप बंद.

३. कालवा सल्लागार समितीने उन्हाळ्यात डोहांसाठी पाणी सोडण्याच्या तारखा लेखी ठरवाव्यात. त्या बैठकीत भोई-ढिवर बांधवांना खुर्ची द्यावी.

जिल्हा बैठकीला येताना गावच्या नदीत डोह किती होते, किती उरले, कोणता मासा दिसेनासा झाला, हे जुन्या माणसांना विचारून लिहून आणा. आपला आकडा आपण मांडला नाही, तर सरकार शून्यच मांडणार.