जिज्ञासेची वतनदारी

गरिबाच्या मुलाला उपाशी ठेवणाऱ्या समाजाचा धिक्कार करायला कोणी मागेपुढे पाहत नाही. पण त्याच मुलाला स्वतःचा प्रश्न पडू न देणारा, आणि पडलाच तर त्याचा माग काढायला न शिकवणारा समाज मात्र सुसंस्कृत म्हणून मिरवतो, आणि आपण त्याच्या विद्यापीठांची नावे आदराने घेत राहतो. मी इंग्लंडविषयी लिहितो आहे. इथल्या एका सरकारी सिक्स्थ फॉर्ममध्ये मी शिकवतो, आणि जे लिहितो ते रोज डोळ्यांपुढे घडते. या अन्यायात आता आपली मराठी माणसेही सामील झाली आहेत, म्हणून ते मराठीत लिहिणे मला भाग आहे.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे सोळा ते अठरा या वयातली दोन वर्षे, साधारण आपली अकरावी-बारावी. मुले बहुधा तीनच विषय घेतात आणि ते खोलात शिकतात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच विद्यापीठांच्या अर्जांची धांदल उडते. सगळे अर्ज ‘यूकास’ या एकाच संस्थेमार्फत जातात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपते, बहुतेक बाकीच्यांची जानेवारीत. या दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या ए-लेव्हल परीक्षेचा निकाल तर पुढच्या ऑगस्टमध्ये लागतो. म्हणून विद्यापीठांच्या हाती मुख्यतः असते ते शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी, शाळेचे शिफारसपत्र आणि मुलाने स्वतःबद्दल लिहिलेले पर्सनल स्टेटमेंट. परीक्षेच्या आधीच ही एक परीक्षा होते, आणि तिचा अभ्यासक्रम कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो. बाकीच्यांना असा काही अभ्यासक्रम असतो याचीही कल्पना नसते.

हे पर्सनल स्टेटमेंट चार हजार अक्षरांचे. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत: हाच विषय का, आजवरच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही त्यासाठी काय केले. सरळ साधे प्रश्न आहेत, आणि मोकळ्या निबंधापेक्षा बरे आहेत हे मी मान्य करतो. तरी तिसऱ्या प्रश्नाकडे नीट पाहा. वकिलाच्या मुलीने सुट्टीत वडिलांच्या स्नेह्याच्या कचेरीत महिनाभर बसून खटल्यांची कागदपत्रे वाचलेली असतात. माझ्या वर्गातली मुलगी शनिवार-रविवार सुपरमार्केटच्या गल्ल्यावर उभी असते आणि आठवडाभर संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळते. दोघींनाही कायदाच शिकायचा आहे. पहिलीला आपला अनुभव कसा मांडायचा ते शिकवलेले आहे. दुसरीला आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे हेच कोणी सांगितलेले नाही.

मँचेस्टर विद्यापीठाच्या स्टीव्हन जोन्स यांनी २०१२ मध्ये, परीक्षेत सारख्याच श्रेणी मिळवलेल्या तीनशेहून अधिक अर्जदारांची पर्सनल स्टेटमेंट तपासली. सरकारी शाळांतल्या मुलांच्या लेखनात भाषेच्या चुका अधिक होत्या, आणि खासगी शाळांतल्या मुलांच्या अर्जांत वजनदार कामाचे अनुभव ओळीने मांडलेले होते. बुद्धी परीक्षेने सारखी ठरवलेली होती. फरक होता तो अर्ज लिहिताना शेजारी कोण बसले होते याचा. ज्या देशाला हे ठाऊक झाले त्याने त्यानंतर दशकाहून अधिक काळ तोच अर्ज तसाच चालू ठेवला. या गोष्टीला अज्ञान म्हणता येत नाही.

आता या शिक्षणातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीबद्दल सांगतो, कारण अन्यायाची खोली तिथेच कळते. इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मच्या मुलांना ‘एक्स्टेंडेड प्रोजेक्ट’ नावाची एक पात्रता घेता येते. सगळे तिला ईपीक्यू म्हणतात. मुलाने स्वतः प्रश्न निवडायचा, तो शिकत असलेल्या तीन विषयांतलाच हवा असे नाही. साधारण १२० तासांचे काम. त्यातले तीसेक तास शिक्षक संशोधनाची कौशल्ये शिकवतात: संदर्भ कसा शोधावा, कोणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा, दुसऱ्याचे म्हणणे आपले म्हणून का सांगू नये. उरलेला सगळा वेळ मुलाचा. शेवटी पाच हजार शब्दांचा प्रबंध, किंवा एखादी वस्तू अथवा कलाकृती आणि तिच्याबरोबर छोटा अहवाल. शिवाय लोकांसमोर सादरीकरण. आणि सुरुवातीपासून एक नोंदवही ठेवायची: काय ठरवले होते, काय फसले, प्रश्न का बदलला. गुण या प्रवासालाही असतात. चुकीच्या वाटेने गेलेल्या आणि ते ओळखून परत फिरलेल्या मुलाला इथे शिक्षा होत नाही. त्याची दखल घेतली जाते. अर्ध्या ए-लेव्हलइतके या पात्रतेचे मोल धरतात.

एक मुलगी माझ्याकडे आली ती ‘हवेचे प्रदूषण वाईट असते का’ एवढाच प्रश्न घेऊन. तिच्या धाकट्या भावाला दमा आहे आणि त्यांचे घर मोठ्या रस्त्याच्या कडेला आहे. प्रश्न इतका पसरट होता की त्याचे उत्तर देता येत नव्हते आणि नाकारताही येत नव्हते. तिने नगरपालिकेच्या नोंदी शोधल्या. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना अडकवलेल्या छोट्या नळ्यांतून नायट्रोजन डायऑक्साइड मोजला जातो, त्याचे दरवर्षीचे आकडे तिने मांडले. मग तिला दिसले की ब्रिटनच्या कायद्यात वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १० आहे. तिच्या रस्त्यावरचा आकडा कायद्यात बसत होता आणि संघटनेच्या सल्ल्यात बसत नव्हता. ‘सर, मग मर्यादा ठरवतं कोण?’ असे तिने विचारले, तेव्हा तिचे संशोधन सुरू झाले. सतरा वर्षांच्या त्या मुलीला त्या दिवशी कळले की सरकारी आकड्याच्या मागे माणसांनी घेतलेला निर्णय असतो, आणि निर्णयाचा जाब विचारता येतो. हे कळलेली माणसे घडवणे हेच शिक्षणाचे काम आहे. लोकशाहीला दुसरा आधार नाही.

असे शिक्षण किती मुलांना मिळते? ईपीक्यू सक्तीची नाही. ती द्यायची की नाही हे शाळा ठरवते आणि शाळेचा निर्णय पैसा ठरवतो. प्रत्येक मुलामागे मार्गदर्शक लागतो, त्याला तास लागतात, तासांना पगार लागतो. इंग्लंडच्या सरकारने सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यामागे द्यायची मूळ रक्कम २०१३ पासून वर्षाला ४,००० पौंडांवर गोठवली आणि २०२० पर्यंत ती हलू दिली नाही. महागाई वाढत राहिली, तेवढी ती रक्कम आतून झिजत गेली. ईटनसारख्या खासगी निवासी शाळेचे वर्षाचे शुल्क ५० हजार पौंडांहून अधिक आहे. एकाच देशातली, एकाच परीक्षेला बसणारी, एकाच विद्यापीठाच्या दारात उभी राहणारी ही मुले. कात्री लागली की सरकारी कॉलेजात आधी ग्रंथपाल जातो, मग वादसभा जाते, मग ज्याला तासिकेच्या तक्त्यात हक्काची जागा नाही ते सगळे जाते. गावातली सार्वजनिक वाचनालये तर २०१० नंतर शेकड्यांनी बंद झाली. खासगी शाळेतला मुलगा शोधनिबंध पाहिजे म्हणाला की शाळेच्या वर्गणीतून तो उघडतो. माझ्या विद्यार्थ्यापुढे प्रकाशकाची पैशाची मागणी येते.

कामगारांच्या मुलांनी या वयात शाळा सोडू नये म्हणून २००४ मध्ये इंग्लंडभर आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता सुरू झाला होता. बसभाडे, जेवण, वह्या एवढे त्यात निघत असे. इंग्लंडने तो २०११ मध्ये बंद केला. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने चालू ठेवला. तेव्हा ‘परवडत नाही’ ही सबब खरी नव्हती. कोणाच्या मुलांसाठी परवडवायचे, हे ठरवले गेले होते.

आणि २०२० चा ऑगस्ट आठवा. महामारीमुळे परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका गणिती सूत्रातून काढल्या गेल्या, आणि सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. त्या सूत्रात शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल घातलेले होते. म्हणजे तू कसा आहेस यापेक्षा तुझ्या आधी त्या बाकावर कोण बसले होते हे महत्त्वाचे ठरले. ज्या विषयाला अगदी थोडी मुले होती तिथे शिक्षकांचा शब्द मानला गेला, आणि असे छोटे वर्ग खासगी शाळांतच अधिक असतात. मुले रस्त्यावर उतरली, चार दिवसांत सरकारने माघार घेतली. पण सूत्र बनवणाऱ्यांनी काही नवीन शोधले नव्हते. समाजाच्या मनात जे आधीच होते ते त्यांनी गणितात लिहिले, इतकेच. आठ शाळांनी तीन वर्षांत ऑक्सफर्ड-केंब्रिजला जितकी मुले पाठवली, तितकी सुमारे २,९०० शाळांना मिळूनही पाठवता आली नाहीत, हे सटन ट्रस्ट या संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले होते. बापाकडून मुलाकडे जाणारे, गुणावर न मिळणारे आणि तरी गुणाच्या नावाने मिरवणारे हक्क आपल्या गावगाड्यात वतन म्हणून चालत आले. इंग्लंडने जिज्ञासेचे वतन केले आहे.

आता आपल्या घराकडे वळतो. स्लाव, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स या भागांत मराठी कुटुंबे वाढत आहेत. संगणक अभियंते, डॉक्टर, बँकांतले अधिकारी. यांतले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, सरकारी महाविद्यालयांत नाममात्र शुल्क भरून पदवीधर झाले. लोकांच्या पैशाने ते इथवर आले. आणि इथे आल्यावर पहिली चौकशी कशाची? घर कोणत्या ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या, हद्दीत येते याची. मूल आठ वर्षांचे झाले की निवड परीक्षेची शिकवणी लावायची, मग सिक्स्थ फॉर्ममध्ये पर्सनल स्टेटमेंट घडवून देणाऱ्या सल्लागाराला पैसे मोजायचे. त्याच्याही पुढे, सतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने ‘संशोधन’ करवून देणारे सशुल्क कार्यक्रम निघाले आहेत. विषय ते सुचवतात, आराखडा ते देतात. मुलाचे नाव छापून येते. त्या मुलाला त्या विषयातले काय खटकले, असे विचारले तर तो गप्प राहतो. आईवडिलांनी प्रेमाने हे केले हे मला मान्य आहे. पण त्या प्रेमाने दोन मुलांचे नुकसान केले. ज्याला विकत घेऊन दिले त्याचा प्रश्न हिरावला, आणि ज्याला विकत घेता येत नाही त्याची जागा.

याच कुटुंबांतली माणसे पाहुणे आले की त्यांना उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाच्या घरी नेतात. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. त्या घरात उभे राहून एवढे तरी आठवावे: १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. प्राध्यापकी करून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा आले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा केला. बुद्धी १९१७ मध्येही तीच होती. हात कोणी दिला यावर सगळे अवलंबून होते. आणि त्याआधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला लिहून कळवले होते की शेतसारा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्यावरचे उच्च शिक्षण वरच्या वर्गांची मुले घेतात. त्यांनी तो जाब इंग्रज सरकारला विचारला होता. आज त्याच इंग्रजांच्या देशात तोच हिशेब त्यांच्या स्वतःच्या गरिबांविरुद्ध चालला आहे आणि फुल्यांची जयंती साजरी करणारे आपण त्यात वरच्या बाजूला जाऊन बसलो आहोत.

सरकारने काय करावे ते उघड आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलांमागचा खर्च सन्मानाच्या पातळीवर आणावा, ईपीक्यू किंवा तत्सम स्वतंत्र प्रकल्प प्रत्येक मुलाचा हक्क करावा, आणि अर्ज निकालानंतर घ्यावेत. हे होईपर्यंत मात्र आपल्याला हात बांधून बसण्याचा अधिकार नाही. ईपीक्यूच्या सादरीकरणाला विषयाबाहेरचे श्रोते लागतात, आणि सरकारी कॉलेजांना ते मिळत नाहीत. आकडेवारीत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाने आठवड्यातला एक तास जवळच्या कॉलेजला दिला, तर आलेख कसा फसवतो हे दहा मुलांना कळेल. रुग्णालयातल्या डॉक्टरने एखाद्या मुलीला एक शोधनिबंध सोबत बसून वाचून दाखवावा. त्या मुलांच्या आईबापांना अर्जाची भाषा ठाऊक नसेल, तर आपल्याला ती आता ठाऊक आहे, ती सांगावी. कॉलेजांच्या नियामक मंडळांवर स्वयंसेवकांच्या जागा रिकाम्या असतात, त्यांसाठी अर्ज करावेत. आणि ज्यांची मुले खासगी शाळेत आहेत त्यांनी शाळेच्या विश्वस्तांना पत्र लिहावे. इंग्लंडच्या कायद्याने धर्मादाय म्हणून नोंदलेल्या शाळेला सार्वजनिक हित साधावे लागते, आणि अशा शाळा पुष्कळ आहेत. तुमचे ग्रंथालय, तुमच्या वर्गण्या आणि तुमचे संशोधन शिकवणारे शिक्षक शेजारच्या सरकारी कॉलेजातल्या मुलांना आठवड्यातून किती संध्याकाळी खुले आहेत, हे त्यांना लेखी विचारावे, आणि उत्तर इतर पालकांनाही वाचायला द्यावे.